दुहेरी शिफ्टचं कॅलेंडर

ऑफिसात तिला सगळे तारीखताई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे म्हटलेलं तिला खपत नसे. एकदा हिशेबाच्या टेबलावरून कुणीतरी हे नाव कुजबुजलं, तर ही तरातरा तिथे गेली आणि म्हणाली, "मोठ्यानं म्हण की. नाव चांगलं आहे." त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

कंपनी बांधकामाची. कुठलं काम कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, कुणाच्या मागे कोण, हे सगळं ती सॉफ्टवेअरमध्ये मांडायची. पडद्यावर एक काम म्हणजे एक आडवी पट्टी. पाया संपला की खांब, खांब संपले की स्लॅब. मधली एक पट्टी लांबली की मागच्या सगळ्या मुकाट पुढे सरकतात, आणि अगदी तळाशी एक तारीख उभी राहते, इमारत पुरी होण्याची. ती तारीख म्हणजे तारीखताईचा जीव की प्राण. टायपिस्ट म्हणून लागलेली ही बाई. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. सॉफ्टवेअरमधलं मदतीचं बटण दाबून दाबून, चुकून, चिडून, पुन्हा दाबून शिकली. अशा शिकलेल्या माणसाला आपल्या विद्येचा जरा जास्तच अभिमान असतो. हिलाही होता. तो हक्काचा होता, पण जास्त होता.

आता गंमत बघा. ज्या इमारतीचं वेळापत्रक ती मांडत होती, त्याच इमारतीत तिचं घर होणार होतं. जुनी बैठी घरं कंपनीने पाडली आणि तिथल्या सगळ्यांना, ताईला आणि तिच्या वडिलांनाही, पलीकडच्या तात्पुरत्या इमारतीत नेऊन टाकलं. तात्पुरतं म्हणजे काय, ते भोगलेल्यालाच कळतं. नळ तात्पुरता, दिवा तात्पुरता, कठडा तर नुसता नावाला. कायमचा काय तो जिना. चिठ्ठीत यांना तिसरा मजला लागला.

वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी उभा जन्म घरोघरी विजेचे मीटर वाचले. पायी. निवृत्त झाले तरी सकाळची फेरी सुटली नाही. कुणाचं दार बंद, कोण आजारी, कुणाच्या मीटरच्या पेटीत पाखरानं घर केलंय, सगळ्या बातम्या घेऊन यायचे. आताशा गुडघे कुरकुरत होते. जिना उतरताना एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. ताई ओरडायची, "अप्पा, एखादा दिवस बसा की घरात!"

"गुडघ्यांनी राजीनामा दिलाय," अप्पा म्हणायचे. "मी अजून मंजूर केलेला नाही."

अशात एक दिवस साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. काम रेंगाळलं होतं, लोक कंपनीच्या नावानं बोंबलत होते, आणि ते खरंच होतं.

"दुसरी शिफ्ट लावतोय," साहेब म्हणाले. "तारीख किती अलीकडे येते तेवढं बघ."

ताई जागेवर आली. सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर उघडलं. कामाची वेळ सकाळी आठ ते दुपारी चार होती. त्याखाली आणखी एक ओळ टाकली, दुपारी चार ते रात्री बारा. बस, एवढंच. ठीक म्हणून बटण दाबलं, आणि पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या उन्हात ठेवलेल्या ओल्या चामड्यासारख्या आखडल्या. पुढच्या हिवाळ्यातली तारीख टुणकन उडी मारून या उन्हाळ्याच्या अलीकडे येऊन बसली.

इथेच हिने थांबायला हवं होतं. एक, फक्त एक पट्टी उघडून बघायला हवी होती. दुसऱ्याच्या कागदातली चूक ही बाई वासावरून ओळखायची. पण तोच जिना तीही रोज चढत होती, तिलाही घरी जायचं होतं. हवी असलेली गोष्ट समोर आली की माणूस तिला ओळखपत्र विचारत नाही.

साहेब खूश. दुसऱ्याच दिवशी तात्पुरत्या इमारतीच्या फलकावर ती तारीख ठळक अक्षरात लागली. खाली ही गर्दी. पोरं नाचायला लागली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला निवृत्त ड्रायव्हर तेवढा हलला नाही. त्या पायरीवर त्याचा कायमचा ठिय्या असायचा.

"कंपनीची तारीख ना?" तो म्हणाला. "माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत होईल."

ताईच्या नाकावर राग कायमचाच. "कंपनीची नाही काका, माझी आहे. चुकली तर याच जिन्यावर मला उभी करा आणि विचारा जाब!"

"विचारू, विचारू," ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला कुठे जायचंय?"

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी तिला आत बोलावलं. काकू महिनाअखेरीस मुलाकडे कायमच्या चालल्या होत्या. कंपनीचा नियम असा, की खोली सोडणाऱ्यानं नाव सुचवायचं आणि त्या माणसाला ती द्यायची.

"अगं, तुझ्या बापाला जिना उतरताना बघते आणि माझ्या पोटात गोळा येतो," काकू म्हणाल्या. "ही खोली तुम्ही घ्या. मी नाव सांगते."

अप्पाही मागोमाग आत आले होते. ते खिडकीपाशी गेले. खिडकी थेट रस्त्यावर. हात बाहेर काढला असता तर जाणाऱ्याच्या खांद्याला लागला असता. अप्पा बराच वेळ तिथे उभे राहिले.

"खोली बरी आहे," ते म्हणाले. अप्पांच्या तोंडून एखादी गोष्ट 'बरी' म्हणजे फारच झालं.

"अहो अप्पा, उन्हाळ्याच्या आत आपण आपल्या घरी! एवढ्यासाठी दोनदा बिऱ्हाड कशाला हलवायचं? गाद्या, भांडी, ते कपाट..."

"तू म्हणतेस तर तसं."

"मी म्हणत नाही, हिशेब म्हणतो."

"बघा बाई," काकू म्हणाल्या. "मी आहे महिनाअखेरपर्यंत. मन बदललं तर सांग. तिसऱ्या मजल्यावरची ती बाळंतीणही विचारतेय."

पुढे काही दिवसांनी ताई साइटसाठी पंधरवड्याची कामं छापून काढत होती. भर दुपारची वेळ, पंखा घरघरतोय, सगळे जेवायला गेलेले. एका ओळीवर तिची नजर अडली. चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर पाणी मारणे, चौदा दिवस. शेजारी सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख. सोमवार ते पुढचा सोमवार.

सोमवार ते सोमवार चौदा दिवस कसे होतील?

तिला वाटलं, आकडा टाकताना चूक झाली असेल. चौदा खोडून पुन्हा चौदा लिहिले. तेच. फाइल बंद करून उघडली. तेच. दुसरं काम उघडलं, गिलाव्याचं. लिहिलंय दहा, तारखा मोजल्या तर पाच. लादी, रंग, पाइप, सगळीकडे तीच तऱ्हा. आकडा पुरा, तारखा अर्ध्या. जणू कुणी सगळ्या कामांना एकाच माळेत ओवून निम्म्यावर कापलं होतं.

मग पेन्सिल घेऊन बसली, आणि हळूहळू सगळा उलगडा होत गेला. सॉफ्टवेअर आतल्या आत दिवस मोजतच नाही, तास मोजतं. एक दिवस म्हणजे आठ तास, हे त्याला कधीच सांगून ठेवलेलं, कुणी उघडत नाही अशा एका कोपऱ्यातल्या खिडकीत. चौदा दिवस लिहिले की ते मनातल्या मनात चौदा आठे एकशेबारा तास धरतं. आणि तिने कॅलेंडरमधला दिवस केला होता सोळा तासांचा. सात दिवसांत एकशेबारा तास भरले, काम संपलं! यंत्राची काही चूक नव्हती. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानानं केलं.

पण ओल्या स्लॅबला कुठली आलीय दुसरी शिफ्ट? सिमेंट काही जास्तीची हजेरी लावून दुप्पट वेगानं मुरत नाही. त्याला दिवस-रात्र, रविवार, सुट्टी सगळं सारखंच, ते आपल्या चालीनं पक्कं होतं. लिफ्टची तपासणी करणारा माणूस एकदाच येतो, तोही दुपारचा. लादीवाले अंधार पडला की निघतात. खरी दुसरी शिफ्ट होती ती फक्त भिंतींच्या बांधकामाला, आणि ती टोळीसुद्धा थोडे आठवडे राबून दुसऱ्या साइटवर जाणारी.

तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट सुचली. ओल्या स्लॅबखालचे टेकू. या तारखांना टेकू काढले तर! तिने साइटवरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"चौथ्या मजल्याचे टेकू काढू नका! माझी तारीख चुकलीय!"

पलीकडून तो चक्क हसला. "अहो ताई, घाबरू नका. तुमच्या तारखांवर आम्ही टेकू काढत नाही. तो कागद साहेब येतात तेव्हा भिंतीवर लावायला असतो."

जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी कुणीतरी सणसणीत थोबाडीत दिल्यासारखं झालं. रोज एवढा जीव टाकून करायचं, ते भिंतीला लावायला!

तिने त्याच दुपारी सगळं दुरुस्त केलं. दोन शिफ्टच्या कामांना त्यांचं वेगळं कॅलेंडर दिलं, बाकीच्यांना जुनं. पाणी मारण्याची कामं तासांच्या हिशेबातून बाहेर काढून सलग दिवसांवर टाकली, रविवारसकट. मग तळाशी बघितलं. तारीख परत पुढच्या हिवाळ्यात. पहिल्यापेक्षा अंमळ लांबच.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फलकावर लागलीय ना? राहू दे."

"राहू दे? लोक सामान बांधायला लागलेत!"

"लोकांना वाट बघायची सवय असते."

"तुम्हाला बरं माहीत!" ताईचा आवाज केबिनबाहेर गेला. "तुम्ही एकदा तरी चढलात तो जिना?"

साहेब असल्या आवाजांना सरावलेले असतात. शांतपणे म्हणाले, "आठवडाभर घे. कुठे काय वाचतंय ते बघ. कदाचित तारीख परत आणशील. तुझ्यासारखी बाई आणेल. मग ठरवू काय सांगायचं ते."

साहेबाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्या घालायलाच हव्यात. लोकांच्या आयुष्याशी तारखांचा खेळ करणाऱ्याला माफी नाही. पण खरं सांगायचं तर तो आठवडा ताईलाच हवा होता. 'तुझ्यासारखी बाई' हे शब्द तिच्या कानात गोड लागले. चूक कबूल करण्याआधी चूक पुसून टाकायची, म्हणजे कबूल करायला काही उरणारच नाही. हुशार माणसं अशीच फसतात.

ती आठवडाभर पट्ट्यांशी झगडली. वरचा स्लॅब ओला असताना खालच्या मजल्याचा गिलावा सुरू केला तर? थोडं वाचलं. पाइप आणि वायरिंग एकदम? आणखी थोडं. पण पाण्याच्या पट्ट्या जागच्या हलेनात. घरी आली की गप्प. अप्पा विचारायचे, "बरं नाही का?" तर म्हणायची, "डोकं दुखतंय." अप्पा बापडे तिच्यासाठी चहा करायचे आणि नव्या घरात खिडकी कुठल्या बाजूला येणार ते विचारायचे. ती सांगायची. खिडकी तरी खरी होती.

महिनाअखेरच्या आदल्या संध्याकाळी ती कामावरून आली, तर शिंपीणकाकू खोलीच्या दारात. शिवणयंत्र बांधून ठेवलेलं. बाळंतीण पोराला खांद्यावर घेऊन उभी. पायरीवर ड्रायव्हर, बाजूला आणखी चार माणसं.

"बरी आलीस," काकू म्हणाल्या. "उद्या नाव द्यायचंय. शेवटचं विचारते, नक्की नको ना तुम्हाला?"

आता बोलायचं. एवढंच बोलायचं होतं, 'काकू, हवी आहे.' पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, का हवी? तारखेचं काय झालं? ड्रायव्हरने मान वर करून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं, म्हातारा नुसता बघत होता. तिला मात्र तो हसतोय असं वाटलं.

"द्या हो तिला," ताई म्हणाली. "आम्ही काय, चाललोच आता."

आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. मनात म्हणाली, अजून दोन दिवस आहेत आठवड्याचे, निघेल काहीतरी.

काही निघालं नाही. दोन दिवसांनी खालच्या खोलीतून पोराचं रडणं ऐकू यायला लागलं, तेव्हा ती अप्पांपुढे बसली.

"अप्पा, तारीख चुकली."

"किती?"

"पुढचा हिवाळा."

अप्पांनी पेपर घडी करून ठेवला. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल म्हणाली असती तर अप्पांनी विश्वास ठेवला असता, कारण ते तिच्यावर नेहमीच ठेवायचे.

"खोली जायच्या आधी," ती म्हणाली.

अप्पांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग म्हणाले, "त्या बाळंतिणीला खोलीचं काही बोलू नकोस. पोर आता कुठे झोपायला लागलंय."

ती रागावली असती, रडली असती, अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. तसं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फलकावरची तारीख फाडली, खरी तारीख स्वतःच्या हातानं लिहिली आणि जिन्यावर जाऊन उभी राहिली. लोक जमले. शिव्या पडल्या. एक बाई तर ट्रंक उघडी टाकून रडायला लागली. ड्रायव्हर शेवटी उठला.

"कंपनीनं सांगायला लावलं का हे?"

"नाही. कंपनीनं नको म्हटलं होतं."

"मग चल," तो म्हणाला. "साहेबाकडे जाऊ."

ते गेले. आख्खी इमारत गेली. साहेबांना केबिनमधून बाहेर यावं लागलं. कठडा मिळाला, जिन्यात दिवे मिळाले, पाण्याची नवी टाकी मिळाली. भांडून मिळवलेलं ते तात्पुरतं नव्हतं. ताईला दुसऱ्या कामावर टाकलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. त्या दिवसापासून लोक तिला मानायला लागले. पण तळमजल्यावरची खोली मिळाली नाही. ज्याच्या त्याच्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर, मागायचं तरी कुणाला?

आणि अप्पांची फेरी आखडत गेली. आधी चौकापर्यंत जायचे, ते कोपऱ्यापर्यंत झालं. मग नुसतं खाली उतरून दारात उभं राहणं. पावसाळ्यात एकदा पाय घसरला, फार लागलं नाही, पण धसका बसला. मग दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरून परत वर. "अर्धा मीटर वाचून आलो," म्हणायचे. शेवटी गॅलरीत खुर्ची टाकली. तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरच्या माणसांची फक्त डोकी दिसतात. बातम्या येईनाशा झाल्या. ताई कामावरून आली की अप्पाच विचारायचे, "काय म्हणतंय बाहेर?" आणि तिला काही सांगता यायचं नाही. ती बाहेर कधी बघतच नव्हती.

हिवाळा आला. तारीख या वेळी खरी ठरली, चार दिवसांच्या फरकानं. चौघांनी खुर्चीवरून अप्पांना तीन मजले खाली आणलं, रस्त्यापलीकडे नेलं. ड्रायव्हरकाका पुढे वाट करत चालले होते. अप्पा खुर्चीतून सगळ्यांना हात करत होते. "हळू रे, जुना माल आहे, नवा मिळत नाही आता."

नव्या घराची भिंत त्यांनी हात लावून पाहिली. खिडकी पाहिली. बरी आहे म्हणाले.

पहिल्या सकाळी ताईने त्यांच्या चपला पुसून दारात ठेवल्या. "अप्पा, चला. लिफ्ट आहे आता. एक बटण दाबायचं, खाली. मी हात धरते."

अप्पांनी चपलांकडे पाहिलं. मग पायांकडे.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "आणि आल्यावर सांग कोण कोण होतं ते."

ती गेली. लिफ्टने झुळकन खाली आली, गेटाबाहेर आली आणि तिथेच थबकली. अप्पा इथून कुठे वळायचे, डावीकडे की उजवीकडे? इतकी वर्षं ते एकाच वेळेला बाहेर पडत आले होते, एकाच वाटेनं, असं ती धरून चालली होती, आणि ती त्यांच्यासोबत एकदाही गेलेली नव्हती. शाळेत निघालेली पोरं तिला ढकलून गेली. एक सायकलवाला घंटी वाजवून ओरडला. ती थोडं डावीकडे गेली, परत आली, थोडं उजवीकडे गेली. ओळखीचं कुणी दिसलं नाही.

वर आली तेव्हा अप्पा खिडकीशी बसले होते.

"अप्पा," ती म्हणाली, "सकाळी फेरीला निघालात की तुम्ही कुठे वळायचा?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, थट्टेनंही नाही.

"कुठल्या वर्षी?" त्यांनी विचारलं.